लॅपटॉप टीव्हीला बिनतारी जोडताना नेमकं काय पाठवायचं?

कोथरूडहून एका काकांनी विचारलं आहे. विंडोजचा लॅपटॉप पाच वर्षांचा, टीव्ही गेल्या दिवाळीत घेतलेला, ४३ इंची, गूगल टीव्हीवाला. मुलीच्या लग्नाची डीव्हीडी लॅपटॉपवर उतरवून ठेवली आहे, जुन्या कॅसेटवरचं गाणं आहे, नातीचे व्हिडिओ जर्मनीहून येतात. शिवाय ते सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे वर्षाचे हिशेब कमिटीला घरी बसवून दाखवावे लागतात. हॉलच्या भिंतीवरून वायर काढायला काकूंचा ठाम नकार आहे. विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबली तर टीव्ही यादीत येतच नाही. क्रोममधून येतो, पण लग्नाचा व्हिडिओ अडखळतो आणि मंगलाष्टकं ओठ हलून गेल्यावर ऐकू येतात. मग बिघाड टीव्हीत आहे की लॅपटॉपमध्ये?

काका, दोन्ही ठणठणीत आहेत. मी गेली अठरा वर्षं पुण्यात घरोघरी आणि ऑफिसांत नेटवर्क आणि टीव्ही जोडून देते, आणि अशा दहा तक्रारींतल्या आठ ठिकाणी यंत्रात दोष नसतो. एका कामाचा रस्ता दुसऱ्या कामाला वापरलेला असतो. तुम्हाला टीव्हीवर पडदा दाखवायचा आहे की फाईल वाजवायची आहे, हे आधी ठरवा. ही दोन कामं टीव्हीसमोर बसणाऱ्याला सारखीच दिसतात, पण आत जे घडतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पडदा दाखवताना लॅपटॉप आपल्याच पडद्याचे सेकंदाला तीस किंवा साठ फोटो काढतो. एका फोटोत १९२० गुणिले १०८० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. सेकंदाला ६० फोटो धरले तर गुणाकार २९८ कोटी बिटांवर जातो. घरातल्या वायफायवरून इतकं पाठवता येत नाही, म्हणून लॅपटॉप ते तिथल्या तिथे साधारण तीनशे पट दाबून एक कोटी बिटांच्या आसपास आणतो आणि मग हवेत सोडतो. टीव्ही ते परत उलगडतो. आता तुमचा लग्नाचा व्हिडिओ बघा. तो मुळात दाबलेलाच आहे. लॅपटॉप तो उघडतो, पडद्यावर काढतो, पडद्याचा फोटो काढतो, पुन्हा दाबतो आणि पाठवतो. लाटलेली पोळी मोडून, गोळा करून पुन्हा लाटायची, असा तो प्रकार. पाच वर्षांच्या लॅपटॉपला हे जमतं, पण धाप लागते. ती धाप तुम्हाला अडखळण्याच्या रूपात दिसते.

फाईल वाजवताना यातलं काहीच होत नाही. लॅपटॉप टीव्हीला फक्त सांगतो की अमुक फाईल अमुक ठिकाणी आहे. टीव्ही ती जशीच्या तशी ओढून घेतो आणि स्वतःच उलगडतो. यूट्यूबच्या चौकटीतलं कास्टचं चिन्ह दाबलंत तर लॅपटॉपचा संबंधच सुटतो. टीव्ही व्हिडिओ थेट इंटरनेटवरून आणतो आणि लॅपटॉप मिटला तरी गाणं चालू राहतं.

आता यादीत टीव्ही का येत नाही ते. विंडोज आणि के दाबल्यावर लॅपटॉप मिराकास्ट या पद्धतीने हाक मारतो. ही पद्धत २०१२ साली आली आणि विंडोज ८.१ पासून विंडोजमध्येच आहे. तिची गंमत अशी की तिला राउटर लागत नाही, लॅपटॉप आणि टीव्ही थेट एकमेकांशी वायफायने बोलतात. पण गूगल टीव्हीत गूगलची स्वतःची कास्ट पद्धत असते, आणि मिराकास्ट बहुतेक वेळा नसतं. तुमचा लॅपटॉप एका भाषेत हाक मारतोय, टीव्हीला दुसरीच भाषा येते. क्रोमला टीव्हीची भाषा येते, म्हणून तिथे तो लगेच ओ देतो. काही कंपन्या आपल्या टीव्हीत मिराकास्टचं वेगळं ॲप घालून देतात. तुमच्या टीव्हीच्या ॲप्समध्ये तसं काही दिसलं तर ते आधी उघडा आणि मगच लॅपटॉपवर बटणं दाबा.

इथे बरेच जण एक चूक करतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये 'वायरलेस डिस्प्ले' नावाची एक जादा सोय उतरवून घेता येते, आणि लोक ती उतरवून टीव्ही दिसायची वाट बघत बसतात. ती सोय उलट दिशेची आहे. तिने तुमचा लॅपटॉप दुसऱ्या कुणाचा तरी पडदा दाखवणारा टीव्ही होतो. तुमच्या कामाला ती नको. आणि घरात टेबलावरचा कॉम्प्युटर असेल, तोही फक्त लॅनच्या वायरवर चालणारा, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वायफाय कार्डच नसेल तर मिराकास्टची थेट जोडणी होणार नाही. राउटरवरून जाणारं मिराकास्ट विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे, पण समोरच्या यंत्रालाही ते यावं लागतं.

आता तुमची एकेक कामं घेऊ.

हिशेब दाखवणं हे खरोखर पडदा दाखवण्याचंच काम आहे. आकड्यांचं पान जागचं हलत नाही, त्यामुळे दाबायला सोपं आणि अडखळण्याचा प्रश्न नाही. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, तिथे कास्ट, आणि मग एक टॅब की पूर्ण स्क्रीन ते निवडा. मी आग्रहाने सांगते, टॅब निवडा. हिशेबाचं पान क्रोममध्ये उघडा आणि तेवढंच पाठवा. पूर्ण स्क्रीन पाठवलीत तर मध्येच आलेला बँकेचा मेसेज, कुणाचा तरी खासगी निरोप, सगळं कमिटीसमोर ४३ इंचांवर झळकतं. पूर्ण स्क्रीन पाठवणं भागच असेल तर आधी विंडोजचं 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा. अक्षरं दीडपट मोठी करा, कारण लॅपटॉप दोन हातांवरून वाचतो आपण आणि टीव्ही दहा फुटांवरून. पुढेमागे वायरने जोडलंत आणि पानाच्या कडा कापलेल्या दिसल्या, तर दोष लॅपटॉपचा नाही. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' अशा नावाचा पर्याय असतो, तो लावा. चित्राच्या कडा छाटायची ही सवय टीव्हीला जुन्या प्रक्षेपणाच्या काळापासूनची आहे.

नावाचंही बघा. बाणेरच्या एका टॉवरमध्ये मी गेले होते, तिथे यादीत एकाच मॉडेलचे तीन टीव्ही दिसत होते आणि त्यातले दोन शेजाऱ्यांचे. मिराकास्टच्या लहरी भिंतीला थांबत नाहीत. त्या घरातल्या ताईंचा पगाराचा तक्ता काही क्षण पलीकडच्या हॉलमध्ये उघडला होता. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी टीव्हीला ओळखू येईल असं नाव देते आणि जोडताना पिन मागण्याचा पर्याय असेल तर तो चालू करते.

लग्नाचा व्हिडिओ मात्र पडदा दाखवून बघू नका. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्यातल्या किती तरी घरांत अशा डीव्हीडी आहेत आणि त्या उतरवताना एकच गडबड झालेली असते. डीव्हीडीवरचा व्हिडिओ एमपेग-२ या जुन्या पद्धतीत असतो आणि एक-एक जीबीच्या तुकड्यांत, व्हीओबी नावाच्या फाईलींमध्ये तोडलेला असतो. म्हणून अंतरपाट एका फाईलीत आणि सप्तपदी दुसऱ्या. आपल्याकडचा डीव्हीडीचा व्हिडिओ ७२० बाय ५७६ ठिपक्यांचा, सेकंदाला २५ चित्रांचा असतो, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत टिपलेलं असतं, आधी एक आड एक ओळी आणि मग उरलेल्या. जुन्या डब्बा टीव्हीवर ते एकजीव दिसायचं. आजच्या सपाट पडद्यावर हात हलला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात.

यावर औषध हँडब्रेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात एकेक व्हीओबी उघडू नका, डीव्हीडीचं अख्खं फोल्डर उघडा म्हणजे तुकडे क्रमाने जोडले जातात. तयार पर्यायांतला ५७६पी, २५ चित्रांचा पर्याय निवडा. फिल्टरमध्ये 'डीइंटरलेस' चालू आहे ना ते बघा, त्याने त्या कंगव्याच्या रेषा जातात. बाहेर पडणारी फाईल एमपी४, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज, अशी असू द्या. ही जोडी आजचा जवळजवळ प्रत्येक टीव्ही स्वतः उलगडतो. एच.२६५ निवडलं तर फाईल लहान होते, पण नातेवाइकांकडच्या जुन्या टीव्हीवर ती उघडेलच असं नाही. लग्नाच्या फाईलीला जागा वाचवत बसू नका.

फाईल तयार झाली की लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. त्याच्या प्लेबॅकच्या यादीत 'रेंडरर' आहे, तिथे तुमचा टीव्ही दिसेल. व्हीएलसीला ही सोय २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. पहिल्यांदा विंडोजचं फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, परवानगी मागेल, ती प्रायव्हेट नेटवर्कसाठी द्या. तुमचं घरचं वायफाय विंडोजमध्ये पब्लिक म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते आधी प्रायव्हेट करा, नाहीतर टीव्ही दारात उभा राहील आणि फायरवॉल दार उघडणार नाही. फाईल टीव्हीला न झेपणारी असेल तर व्हीएलसी सांगतं की ही रूपांतर करून पाठवावी लागेल. तो निरोप आला की समजा, पुन्हा पोळी मोडायचं काम सुरू झालं. थांबा आणि फाईल हँडब्रेकमधून काढा.

गाणं आणि नातीचे व्हिडिओ यांची गोष्ट आणखी वेगळी. ते एकदा बघून झालं असं नाही, रोज संध्याकाळी लागणारं आहे. त्यासाठी दर वेळी लॅपटॉप उघडून कास्ट करणं मला पटत नाही. टीव्हीनेच फोल्डर उघडावं. लॅपटॉपवर एक फोल्डर शेअर करा, टीव्हीच्या प्ले स्टोअरमधून व्हीएलसी घ्या, त्यात लोकल नेटवर्कमध्ये लॅपटॉपचं नाव येईल. नाव आणि पासवर्ड विचारला की बरीच मंडळी लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन टाकतात आणि तो नाकारला जातो. पिन त्या यंत्रापुरताच असतो. नेटवर्कवरून आत यायला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो विसरला असाल तर आधी तेवढं निस्तरा.

काकूंना रिमोटवर नीट चित्रांसकट यादी हवी असेल, 'लग्न', 'नात', 'भजनं' अशी, तर जेलीफिन बसवा. तेही फुकट आहे, लॅपटॉपवर सर्व्हर आणि टीव्हीवर ॲप असा जोड. मेहनत एका दुपारची आहे. अट एकच, लॅपटॉप झोपता कामा नये, म्हणजे चार्जर लावलेला असताना स्लीप बंद करा. कॅसेटवरच्या गाण्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र बंद ठेवून फक्त आवाज चालू ठेवायची सोय शोधा, बऱ्याच टीव्हींत असते. रात्री अंधारात बसून मारवा ऐकायचा तर उजळलेला पडदा कशाला हवा?

आवाज मागे राहण्याबद्दल. टॅब पाठवताना थोडा उशीर होतोच, पण चित्र आणि आवाज दोन्हींना सारखा झाला तर तो कळत नाही. तुमच्याकडे तो वेगवेगळा होतोय. लॅपटॉप दमल्याने जसं होतं, तसंच टीव्हीला ब्लूटूथचा साउंडबार जोडला असेल तरी होतं. एकदा टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकून बघा. फरक पडला तर साउंडबार वायरने जोडा किंवा टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये वेळ जुळवा.

एका कामाला मात्र कुठलाच बिनतारी रस्ता चालत नाही, हेही स्पष्ट सांगते. शनिवार पेठेत तबला शिकवणारे एक गुरुजी आहेत. त्यांना स्वतःचे हात कॅमेऱ्यातून टीव्हीवर मोठे करून शिष्यांना दाखवायचे होते. बिनतारी जोडलं तर हात समेवर पडायचा आणि टीव्हीवरचा हात किंचित नंतर. हा उशीर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याचा असेल, पण लयीला तेवढा पुरतो, मुलं भांबावली. मी तपकीर गल्लीतून लांब एचडीएमआय वायर आणली, टीव्ही गेम मोडवर, म्हणजे चित्र कमीत कमी उशिराने दाखवणाऱ्या सेटिंगवर, टाकला आणि प्रश्न तिथेच संपला. काकू वायरला नाही म्हणतात ते तुमच्या कामांसाठी चालून जाईल, कारण तुमच्या कामात अशी लयीची अट नाही.

आता घरातल्या हवेचा विचार करू. लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही वायफायवर असले की प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे. राउटर टीव्हीच्या शेजारच्या शोकेसमध्ये असेल, बहुतेक घरांत असतोच, तर त्या दोघांत हातभर लॅनची वायर टाका. ती कपाटामागे राहील, भिंतीवर येणार नाही, काकूंना दिसणारही नाही. हवेतली एक फेरी वाचली. टीव्हीचं लॅनचं भोक बहुधा १०० मेगाबिटचंच असतं. पण डीव्हीडीच्या व्हिडिओचा वेग जास्तीत जास्त १० मेगाबिटच्या आत असतो, तेव्हा ते पुरून उरतं.

लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या. बरेच राउटर दोन नावं दाखवतात, त्यातलं ज्याच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं ते. त्याचा मोबाईलच्या ५जीशी काही संबंध नाही, हे मला आठवड्यातून एकदा तरी सांगावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यात तुमची सोसायटी, समोरची सोसायटी आणि चालू असेल तर मायक्रोवेव्हसुद्धा दाटीवाटीने बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण भिंत फारशी भेदता येत नाही. कोथरूडच्या जुन्या इमारतींत विटांच्या भिंती आहेत, तिथे एक भिंत सहज निभते. वाकड, हिंजवडी, खराडीच्या नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खी भिंतच काँक्रीट आणि सळ्यांची ओततात, तिथे बेडरूमचं दार लावलं की सिग्नल गळतो. आणि राउटर टीव्हीच्या मागे लपवू नका. टीव्हीच्या पाठीत बहुधा धातूचा पत्रा असतो.

शेवटी एक तपासणी, जी मी दारातून आत गेल्यावर आधी करते. इंटरनेटवाल्याने फायबरसोबत दिलेल्या डब्याचंही वायफाय असतं, आणि मुलाने नंतर आणलेल्या राउटरचंही. टीव्ही एकावर, लॅपटॉप दुसऱ्यावर, इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित, आणि तरी एकमेकांना दिसत नाहीत. टीव्ही आणि लॅपटॉप दोन्हींच्या नेटवर्कच्या माहितीत पत्ता बघा. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर घरात दोन नेटवर्क आहेत. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे नेतो, की घर एक होतं. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरही यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात, तिथे टीव्ही जोडू नका. जावई आला आणि त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून काही दाखवायचं ठरलं, तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी रस्ता, चालू असताना घरचा टीव्ही बहुधा दिसणार नाही. त्याला दोष देऊ नका, कंपनीचे नियमच तसे असतात. मुलीचा मॅक असेल तर तो ॲपलच्या एअरप्ले पद्धतीने बोलतो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये एअरप्ले आहे का ते बघा, नसेल तर मॅकवरही क्रोम चालतोच.

गुरुवारी लाईट जाऊन आली आणि टीव्ही पुन्हा दिसेनासा झाला, असं झालं तर आधी राउटर पूर्ण सुरू होऊ द्या, दोन-तीन मिनिटं, आणि मग टीव्ही प्लगपासून बंद करून चालू करा. टीव्ही घाईने आधी जागा होतो आणि नेटवर्क न मिळाल्याने तसाच बसून राहतो. आणि पैसे भरलेल्या ॲपवरचा सिनेमा लॅपटॉपवरून पाठवताना काळा पडदा आला तर ती कॉपी रोखण्याची व्यवस्था आहे, बिघाड नाही. तो सिनेमा टीव्हीवरच्या ॲपमधूनच लावा.

काका, एवढं करा, की हँडब्रेकने नवी फाईल झाली म्हणून मूळ डीव्हीडीचं फोल्डर पुसून टाकू नका. नवी फाईल बघण्यासाठी आहे, ठेवण्यासाठी मूळच हवं. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्याचंही तेच, एमपी३ टीव्हीवर वाजवा, पण पहिली, न दाबलेली वेव्ह फाईल असेल तर ती एका वेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी करून मुलीकडे किंवा भावाकडे ठेवायला द्या. कॅसेटची फीत वर्षागणिक झिजत जाते, ती पुन्हा तितकी चांगली उतरवता येणार नाही.